कपाचे ग्रॅम करताना: बेकिंगची मापं बदलण्याची पद्धत, पायरीपायरीनं

केक मधोमध बसला, बिस्किटं ट्रेभर पसरली, पाव दगडासारखा झाला, की आपण ओव्हनला नाहीतर यीस्टला दोष देतो. माझ्याकडे केक शिकायला येणाऱ्यांच्या वह्या मी आधी पाहते. बहुतेक वेळा चूक वहीतच सापडते: ‘१ कप मैदा = २५० ग्रॅम’. कप २५० मिलीचा, म्हणून मैदाही २५० ग्रॅम, असा हिशेब. पाण्यासाठी हा हिशेब चालतो. मैद्यासाठी तो जवळजवळ दुप्पट होतो.

मिली म्हणजे पदार्थानं व्यापलेली जागा आणि ग्रॅम म्हणजे वजन. २४० मिलीच्या एकाच कपात मैदा सुमारे १२० ग्रॅम मावतो, साखर २०० ग्रॅम आणि मध ३४० ग्रॅम. म्हणून कपावरून ग्रॅम काढायचा एकच आकडा नसतो, प्रत्येक घटकाचा वेगळा असतो. आणि तो आकडा वापरण्याआधी तीन गोष्टी ठरवाव्या लागतात: तुमचा कप किती मिलीचा, पाककृती लिहिणाऱ्याचा कप किती मिलीचा आणि तो भरला कसा. बहुतेकजण हे तिन्ही सोडून थेट गुणाकार करतात.

तयारी

एक डिजिटल काटा घ्या, १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा. तो सपाट ओट्यावर ठेवा. पेटत्या शेगडीशेजारी किंवा पंख्याच्या झोतात ठेवला की आकडा हलत राहतो. मापाच्या कपांचा आणि चमच्यांचा एकेकच संच वापरा. घरात दोन संच असतील तर एक उचलून वर ठेवून द्या, कारण दोन्हींतला ‘एक कप’ बहुधा सारखा नसतो. सरळ पाठीची सुरी, कोरडा मोठा चमचा, वही आणि पेन्सिल. आकडे खोडावे लागतात, म्हणून पेन्सिलच.

बाजारात प्लॅस्टिकचे जग मिळतात. त्यांच्या एका बाजूला मिली आणि दुसऱ्या बाजूला मैदा, साखर, तांदूळ यांचे ग्रॅम छापलेले असतात. त्यातली मिलीची बाजू पातळ पदार्थांसाठी वापरा. ग्रॅमच्या बाजूवर विसंबू नका. जग जरा हलवला तरी मैदा खाली बसतो आणि रेघ चुकते.

पायरी १: काट्याची परीक्षा

हल्लीचं दहा रुपयांचं दुरंगी नाणं सुमारे ७.७ ग्रॅम भरतं. काट्यावर रिकामी वाटी ठेवा, टेअरचं बटण दाबून शून्य करा आणि त्यात दहा नाणी टाका. आकडा ७७ च्या आसपास आला पाहिजे. मग वाटीऐवजी जड पातेलं ठेवून हेच पुन्हा करा, कारण पीठ आपण पातेल्यातच मोजणार असतो. एक-दोन ग्रॅमचा फरक चालेल. पाच ग्रॅमचा फरक आला तर आधी बॅटरी बदलून पाहा.

पायरी २: तुमच्या कपाचं खरं माप

१ मिली पाणी म्हणजे १ ग्रॅम, त्यामुळे काटा असला की कप मोजणं सोपं आहे. कोरडा रिकामा कप काट्यावर ठेवा, शून्य करा, डोळ्यांच्या रेषेत येईल असा काठोकाठ पाण्यानं भरा. जो आकडा दिसेल तेवढे मिली. आपल्याकडचे संच बहुधा २४० किंवा २५० मिलीचे असतात, पण संचावर छापलेलं आणि प्रत्यक्षातलं माप जुळेलच असं नाही. अर्ध्या आणि पाव कपालाही हीच परीक्षा द्या. दोन अर्धे कप मिळून एक कप होत नाही, असे संच माझ्या हातात आले आहेत.

आलेला आकडा पक्क्या शाईनं कपाच्या बुडावर लिहून ठेवा.

*तपासा:* चहाचा घरगुती चमचा म्हणजे मापाचा छोटा चमचा नव्हे. मापाचा छोटा चमचा ५ मिलीचा, मोठा १५ मिलीचा. घरातल्या चमच्यात किती पाणी मावतं ते एकदा मोजून पाहा, मग सोडा मोजायला तो घ्यावासा वाटणार नाही.

पायरी ३: पाककृतीतला कप कुठला?

अमेरिकन कप सुमारे २३७ मिलीचा, हिशेबाला २४० धरतात. ऑस्ट्रेलियन कप २५० मिलीचा. जपानी कप २०० मिलीचा. जुन्या ब्रिटिश पुस्तकांतला कप सुमारे २८४ मिलीचा. ऑस्ट्रेलियातला मोठा चमचाही वेगळा, १५ ऐवजी २० मिलीचा.

लिहिणाऱ्यानं देश सांगितला नसेल तर खुणा शोधा. तापमान फॅरनहाइटमध्ये असेल, लोणी ‘स्टिक’मध्ये मोजलं असेल, तर पाककृती अमेरिकन. कपासोबत कॅस्टर शुगर (बारीक दाण्याची साखर) आणि सेल्फ रेझिंग फ्लॉवर (बेकिंग पावडर मिसळलेला मैदा) असेल, तापमान सेल्सिअसमध्ये असेल, तर ऑस्ट्रेलियन असण्याची शक्यता जास्त. मराठी पाककृतीत ‘वाटी’ असेल तर त्याचं वेगळं प्रकरण आहे, ते शेवटी.

२४० आणि २५० मधला फरक चार टक्के. सगळेच घटक एकाच कपानं मोजले असतील तर प्रमाण बिघडत नाही, केक फक्त किंचित मोठा-लहान होतो. पण काही घटक कपात, काही ग्रॅममध्ये आणि वर तीन अंडी अशी मिश्र पाककृती असेल तर मात्र कप कुठला ते ठरवावंच लागतं.

*सावधान, स्टिक:* अमेरिकन लोण्याची एक स्टिक ११३ ग्रॅमची असते. आपल्याकडचं छोटं पाकीट १०० ग्रॅमचं. ‘दोन स्टिक’ म्हणून दोन पाकिटं घातली की २६ ग्रॅम लोणी कमी पडतं आणि बिस्किटं कोरडी होतात. शिवाय आपल्याकडचं नेहमीचं टेबल बटर खारवलेलं असतं. ते वापरलं तर पाककृतीतलं मीठ वगळा.

*सावधान, औंस:* औंस दोन असतात. वजनाचा औंस २८.३५ ग्रॅमचा, पातळ पदार्थाचा सुमारे ३० मिलीचा. ‘८ औंस मैदा’ म्हणजे २२७ ग्रॅम मैदा. तो जगवरच्या ८ औंसाच्या रेघेपर्यंत भरला तर प्रत्यक्षात साधारण १२० ग्रॅमच येतो, म्हणजे निम्माच.

पायरी ४: कप कसा भरला?

सगळ्यात जास्त चुका इथं होतात, म्हणून जरा थांबून वाचा.

मैद्याचा एकच कप तीन तऱ्हांनी भरता येतो. चाळून अलगद भरला तर १०५ ते ११५ ग्रॅम. डब्यातला मैदा चमच्यानं मोकळा केला, चमच्याचमच्यानं कपात टाकला आणि सुरीच्या पाठीनं सपाट केला तर सुमारे १२०. कप थेट डब्यात खुपसून भरला आणि वर हातानं दाबला तर १४५ च्या पुढे. दीड कपाच्या केकमध्ये १२० आणि १४५ मधला फरक ३८ ग्रॅमचा होतो, म्हणजे पाच मोठे चमचे मैदा जास्तीचा.

पावात तर हा फरक हाताला लगेच जाणवतो. लादी पावासाठी चार कप मैदा आणि ३२० मिली पाणी घेतलं असं समजा. कप १२० चा असेल तर मैदा ४८० ग्रॅम आणि पाणी त्याच्या ६७ टक्के: कणीक मऊ, किंचित चिकट, पाव हलका. कप १४५ चा असेल तर मैदा ५८० ग्रॅम आणि पाणी ५५ टक्के: कणीक घट्ट, मळताना मनगट दुखेल, पाव आटीव. दोघींनी एकच पाककृती तंतोतंत पाळलेली असते, आणि एकीचाच पाव फुगतो.

म्हणून पाककृती कपात असेल आणि भरण्याची पद्धत दिली नसेल तर चमच्यानं भरून सपाट केलेला कप, म्हणजे १२० ग्रॅम, असं धरा.

इतर घटकांचे रिवाज वेगळे आहेत. ब्राउन शुगर दाबूनच भरतात, इतकी की कप उलटा केला तर मुदीसारखी सुटी पडावी. साखर आपोआप बसते, तिला फक्त सपाट करायचं. कोकोत गाठी असतात, म्हणून मोडून मग भरायचा. रवाळ तूप कपात भरलं की मध्ये पोकळ्या राहतात. ते वितळवून मोजा, किंवा सरळ काट्यावर घ्या. गुळाच्या बाबतीत कपाचा नाद सोडाच. किसलेला, चिरलेला, पावडरीचा, प्रत्येक गूळ कपात वेगळा भरतो. तो वजनावरच घ्या.

शब्दांचा क्रमही नीट पाहा. ‘एक कप चाळलेला मैदा’ म्हणजे आधी चाळायचं, मग मोजायचं. ‘एक कप मैदा, चाळून’ म्हणजे आधी मोजायचं, मग चाळायचं. अक्रोडाचंही तसंच: ‘एक कप अक्रोड, चिरून’ आणि ‘एक कप चिरलेले अक्रोड’ यांचं वजन सारखं नसतं, कारण चिरलेले तुकडे दाटीनं बसतात.

पायरी ५: स्वतःचा तक्ता

खालचे आकडे २४० मिलीच्या सपाट कपाचे आहेत. सुरुवातीला आधार म्हणून घ्या.

मैदा १२० ग्रॅम
कणीक, मोकळी करून १२० ते १३०
साखर २००
पिठीसाखर ११५ ते १२०
ब्राउन शुगर, दाबून २१० ते २२०
कोको पावडर ८५
कॉर्नफ्लॉवर ११५ ते १२५
रवा १६५ ते १७५
ओट्स ८५ ते ९०
सुकं बारीक खोबरं ८० ते ९०
लोणी २२७
वितळलेलं तूप २१५
तेल २२०
दूध आणि दही २४५
मध ३४०

आता स्वतःचे आकडे काढा. रिकामा कप काट्यावर ठेवून शून्य करा. कप काट्यावरून उचला आणि बाजूला भरून सपाट करा. काट्यावरच भरला तर कडेनं सांडलेलं पीठही वजनात धरलं जातं. भरलेला कप परत ठेवा, आकडा लिहा, कप रिकामा करा. असं तीनदा. तिन्ही आकड्यांची सरासरी तुमच्या वहीत जाईल. मैद्याच्या तीन आकड्यांत दहा ग्रॅमपेक्षा जास्त फरक पडत असेल तर तुमचा हात अजून स्थिर नाही, पुन्हा करा. यात काही कमीपणा नाही, मलाही पहिल्या दिवशी सात-आठ वेळा भरावा लागला होता.

रोज लागणारे आठ-दहा घटक एका दुपारी मोजून होतात. गिरणीतून दळून आणलेली कणीक आणि पाकिटातली कणीक यांच्या नोंदी वेगळ्या ठेवा. घरी मिक्सरवर केलेली पिठीसाखर आणि विकतची यांच्याही वेगळ्या. पावसाळ्यात मैदा दमट होऊन गाठाळतो, तेव्हा तो एकदा पुन्हा मोजून पाहा.

तेला-तुपाचा आकडा पडताळायला घरातलं पाऊच पुरतं. एक लिटर तुपाच्या पाऊचवर ९०५ ग्रॅमच्या आसपास वजन छापलेलं असतं. म्हणजे १ मिली तूप ०.९ ग्रॅम. २४० ला ०.९ नं गुणलं की २१६.

पायरी ६: प्रत्यक्ष रूपांतर

बिनअंड्याचा साधा चॉकलेट केक घेऊ: दीड कप मैदा, एक कप साखर, पाव कप कोको, एक छोटा चमचा सोडा, अर्धा छोटा चमचा मीठ, एक कप पाणी, एक तृतीयांश कप तेल, एक मोठा चमचा व्हिनेगर.

आधी अपूर्णांक दशांशात लिहा: दीड म्हणजे १.५, पाव म्हणजे ०.२५, एक तृतीयांश म्हणजे ०.३३. मग प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या आकड्यानं गुणा. मैदा १.५ × १२० = १८०. साखर २००. कोको ०.२५ × ८५ = २१. पाणी २४०. तेल ०.३३ × २२० = ७३. पूर्णांक शेवटी एकदाच करा. मध्येच १२० चे १२५ आणि २१ चे २५ करत गेलात तर सगळे फरक साठत जातात.

सोडा, बेकिंग पावडर, मीठ, यीस्ट आणि इसेन्स चमच्यातच ठेवा. घरगुती काटा १ ग्रॅमच्या पायऱ्यांनी चालतो, त्यामुळे ‘२ ग्रॅम’ सोड्यात अर्धा ग्रॅम इकडेतिकडे होतो, आणि सोड्याला तेवढा पुरतो. चिमटी-चिमटीनं टाकलेली पावडर तर कित्येक काटे दाखवतच नाहीत. समोरची पाककृती ग्रॅममध्येच असेल तर सपाट छोट्या चमच्याचे अंदाज असे: मीठ ६ ग्रॅम, सोडा ५, बेकिंग पावडर ४, इन्स्टंट यीस्ट ३. चमचा शीग लावून भरू नका, सुरीनं सपाट करा.

*सावधान, अंडी:* अमेरिकन पाककृतीतलं मोठं अंडं कवचाशिवाय सुमारे ५० ग्रॅमचं असतं. आपल्याकडची बरीच अंडी त्याहून लहान असतात. चार अंडी सांगितली असतील तर फोडून एकत्र वजन करा. २०० पेक्षा बरंच कमी भरलं तर आणखी एक अंडं फेटून त्यातलं हवं तेवढंच घाला. अर्धी पाककृती करायची असेल तेव्हा ‘अर्धं अंडं’ही असंच, फेटून २५ ग्रॅम.

पायरी ७: ताळा

गणित झालं की घटक भांड्यात घालण्यापूर्वी सगळं मैद्याशी ताडून पाहा. मैदा शंभर धरा आणि बाकीचे किती येतात ते काढा. वरच्या केकमध्ये साखर २०० भागिले १८० म्हणजे १११, पाणी १३३, तेल ४१. साध्या गोड केकमध्ये साखर मैद्याच्या आसपास असते, म्हणून हे पटतं. साखर ६० आली तर बहुधा मैद्याचा कप जड धरला गेला आहे. पावात पाणी ६० ते ७० च्या बाहेर गेलं तर मैद्याचा आकडा परत पाहा.

*तपासा:* वहीत कुठेही मैदा आणि साखर यांच्या एका कपाचं वजन सारखं आलं असेल तर पुढं जाऊ नका. चूक आहे.

उलट दिशा: ग्रॅमवरून कप

काटा घरी नाही, प्रवासात आहात, किंवा ग्रॅममधली पाककृती आईला फोनवर सांगायची आहे. तेव्हा गुणाकाराऐवजी भागाकार. १७५ ग्रॅम मैदा भागिले १२० म्हणजे १.४६ कप. ‘एक पूर्णांक शेचाळीस’ असा कप नसतो, म्हणून वरचा भाग चमच्यांत करा. २४० मिलीच्या कपात १५ मिलीचे १६ मोठे चमचे मावतात, म्हणजे मैद्याचा एक मोठा चमचा साडेसात ग्रॅमचा. उरलेले ५५ ग्रॅम म्हणजे सात चमचे आणि थोडा. सांगायचं असं: एक कप सपाट आणि वर सात मोठे चमचे सपाट. ‘दीड कपाला जरा कमी’ असं सांगू नका, ऐकणारी व्यक्ती दीड कपच घेते.

एकदा ग्रॅममध्ये आणलेली पाककृती पुन्हा कपात आणि परत ग्रॅममध्ये करत बसू नका. मूळ आकडे वहीत जपून ठेवा आणि दर वेळी तिथूनच निघा.

वाटीची पाककृती

घराघरांत नानकटाई वाटीच्या मापानं लिहिलेली असते. माझ्या आजीची अशी होती: तीन वाट्या मैदा, दीड वाटी पिठीसाखर, दीड वाटी तूप. आजीची वाटी मी पाण्यानं मोजली, १५० मिली भरली. मिलीला अर्धा ग्रॅम धरून मैदा तीन सपाट वाट्यांचा २२५ ग्रॅम, पिठीसाखर सुमारे ११० ग्रॅम, तूप सुमारे २०० ग्रॅम. ताळा केला तर तूप मैद्याच्या जवळजवळ ९० टक्के. तशी करून पाहिली आणि ट्रेभर एकच पातळ पापडी झाली.

मग आईला तीच वाटी हातात दिली आणि म्हटलं, आजी भरायची तशी भर. आईनं वाटी डब्यात खुपसली, शीग लावली आणि परातीत ओतली. काट्यावर ११० ग्रॅम. पुन्हा भरली, १०८. तिसऱ्यांदा ११२. मैदा म्हणजे ३३० ग्रॅम होता. पिठीसाखर आणि तूप मात्र आजी सपाटच घ्यायची, ते आकडे तेवढेच राहिले. आता तूप ६१ टक्के आलं आणि नानकटाई खुसखुशीत, जागच्या जागी फुललेली निघाली.

म्हणून वाटीच्या पाककृतीला ही पद्धत लावा. ती वाटी शोधा आणि पाण्यानं मोजा. ज्यांच्या हातची पाककृती आहे ती माणसं घरात असतील तर त्यांच्याच हातानं प्रत्येक घटक तीनदा भरून घ्या. त्यांना ‘नीट मोज’ म्हणू नका, नाहीतर हात आखडतो आणि वाटी सपाट होते. नेहमीसारखं करू द्या, काटा परातीखाली ठेवा. तूप थिजलेलं घ्यायचं की पातळ, तेही विचारा आणि लिहा. ती माणसं आता नसतील तर मैद्याची एक सपाट वाटी आणि एक शिगेची वाटी असे दोन्ही हिशेब करून ताळा पाहा, आणि पटेल त्या आकड्यानं पाव पाककृती करून बघा. पहिल्या खेपेला दोन चमचे तूप हातचं राखून ठेवा. गोळा तळहातावर भेगा न पडता वळला की थांबायचं, आणि आत गेलेलं तूप किती, ते उरलेलं काट्यावर ठेवून वहीत लिहायचं.